मधोमध भोक असलेला झेंडा

मोर्चा म्हटलं की झेंडे आलेच. पण मला सगळ्यात भारी वाटतो तो मधोमध भोक असलेला झेंडा! डिसेंबर १९८९. रुमानियात हुकूमशहा चाउशेस्कूविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि निळ्या-पिवळ्या-लाल राष्ट्रध्वजातलं कम्युनिस्ट राजवटीचं चिन्ह त्यांनी चक्क कापून काढलं. आयडिया तशी जुनीच. हंगेरीत १९५६ च्या उठावात हेच झालं होतं. तो उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला. चाउशेस्कूची २४ वर्षांची सत्ता मात्र काही दिवसांत कोसळली. गंमत म्हणजे लोकांनी झेंडा फेकून दिला नाही, फक्त कापला. देश आमचा, हे राज्यकर्ते नकोत! सरकारवर टीका म्हणजे देशद्रोह, असं कुणी म्हणालं की मला ते भोक आठवतं.