‘मेड इन इंडिया’ म्हणजे नेमकं किती?

छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीवरच्या साडीच्या दुकानात पैठणी हातात घेतली, की पदरासोबत लेबलं लोंबताना दिसतात. गिऱ्हाईक ती उलटून पाहतं, "सरकारी शिक्का आहे, म्हणजे सगळं आपल्याकडचंच," म्हणतं आणि पैसे मोजतं. देशातला माल घ्यावा ही इच्छा मोलाची आहे. म्हणूनच कोणतं लेबल काय सांगतं आणि काय सांगत नाही, हे माहीत असलं पाहिजे. यांतली बहुतेक लेबलं ऐच्छिक आहेत आणि त्यांतलं एकही वस्तूचा किती टक्के भाग देशात तयार झाला ते सांगत नाही.

पैठणीचंच बघा. सिल्क मार्क 2004 साली आला, तो केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने. तो एवढंच सांगतो की धागा शुद्ध नैसर्गिक रेशमाचा आहे. रेशीम चीनमधून आलेलं असलं तरी शुद्ध असेल तर हा मार्क लागतो. 2006 चा हँडलूम मार्क कापड हातमागावर विणल्याची खात्री देतो. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते विणण्याची परंपरा आणि तिचा प्रदेश राखतं, कच्चा माल कुठला याची हमी देत नाही. पैठणच्या मागावर चढणारं रेशीम बरंचसं बेंगळुरूकडून येतं, जर सुरतेहून. यात कमीपणा काहीच नाही. पैठणीची किंमत विणकराच्या बोटांत आहे. एकेका साडीपायी कधी महिने जातात. पण रेशीम, विणकाम आणि गाव या तीन गोष्टींना तीन वेगळे शिक्के आहेत, आणि आपण एक पाहून तिन्ही गृहीत धरतो.

दुसरा पक्का समज बारकोडचा. "890 ने सुरू होतो तो माल भारतीय," असं व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतं आहे. 890 चा अर्थ इतकाच, की तो क्रमांक जीएस-1 इंडिया या संस्थेने दिला. तिची सदस्य असलेली कंपनी माल बाहेरच्या देशात बनवून आणू शकते, बारकोड 890 चाच राहतो. आयएसआयचंही तसंच. ते गुणवत्तेचं मानक आहे, परदेशातल्या कारखान्यांनाही त्याचा परवाना मिळतो. आणि चाकांच्या सिंहाचं ‘मेक इन इंडिया’ बोधचिन्ह 2014 च्या मोहिमेचं आहे, वस्तूचं प्रमाणपत्र नव्हे.

मग पाकिटावर देशाचं नाव लिहायचं बंधन कोणावर? आयात केलेल्या पॅकबंद मालावर. देशी मालावर उत्पादकाचा पत्ता लागतो. ‘मार्केटेड बाय’पुढचा मुंबई-पुण्याचा पत्ता हा विकणाऱ्याचा असतो, तेवढ्यावरून माल तिथे बनला असं समजू नये.

आता आपल्या शहराचा खरा प्रश्न. 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या भोवती पुरवठादारांचं जाळं उभं राहिलं. शॉक ॲब्सॉर्बर, ब्रेक, ॲल्युमिनियमचं कास्टिंग, हँडलबार, वायरिंग. वाळूजच्या गल्ल्यांमधून फिरलं की लेथ आणि प्रेसचे आवाज येतात. तो आवाज म्हणजेच देशी हिस्सा. इकडे शेंद्र्याला 2001 पासून श्कोडाच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या, पुढे ऑडीच्याही. महागड्या मॉडेलांचे बरेच भाग परदेशातून किटच्या रूपात येतात आणि जुळणी इथे होते. यालाच सीकेडी म्हणतात. वाळूजची मोटरसायकल भारतात बनलेली आणि शेंद्र्याला जोडलेली ऑडीही भारतात बनलेली, बोलीत दोघींना एकच शब्द. पण दोघींच्या मागे उभ्या असलेल्या वर्कशॉपांची संख्या अगदी वेगळी आहे. किट आली की इथे फिटरला काम मिळतं. मशिनिंग, कास्टिंग, टूलरूमचं काम मात्र बाहेरच राहतं.

काही जण चेसिस नंबर दाखवतात. बजाजच्या गाडीवर तो ‘एमडी2’ने सुरू होतो. त्यातून उत्पादक कोण हे कळतं, आतले भाग कुठून आले हे नाही. देशी हिश्शाचा आकडा कंपन्यांकडे नसतो असंही नाही. याच श्कोडाने चाकणला बनणाऱ्या कुशाकबद्दल 95 टक्क्यांपर्यंत लोकलायझेशन झाल्याचं जाहीर केलं होतं. आकडा जाहिरातीत येतो, गाडीच्या काचेवर येत नाही.

टक्केवारी छापता येत नाही, हा समज मला सगळ्यांत जास्त खटकतो. अमेरिकेत 1992 च्या कायद्याने नव्या कारच्या काचेवर हा आकडा लागतो, ऑक्टोबर 1994 पासून. त्यातही एक मेख आहे: अमेरिका आणि कॅनडा दोन्ही मिळून ‘देशी’ धरले जातात. ऑस्ट्रेलियात 2018 पासून खाद्यपदार्थांच्या बहुतेक पाकिटांवर देशी घटकांचं प्रमाण दाखवणारी पट्टी असते. ‘स्विस मेड’ घड्याळाला 2017 पासून उत्पादनखर्चाचा किमान 60 टक्के भाग स्वित्झर्लंडमधला लागतो.

आपल्याकडेही सूत्र तयार आहे, फक्त ते सरकारी खरेदीपुरतं. 2017 च्या आदेशानुसार वस्तूच्या किमतीतून अप्रत्यक्ष कर आणि आयात मालाची किंमत वजा करायची. उरलेला भाग तो स्थानिक हिस्सा. समजा चिकलठाण्याच्या कारखान्याने 1,000 रुपयांचं कंट्रोल पॅनेल केलं, करांशिवाय, आणि त्यात 450 रुपयांचे भाग आयात केलेले आहेत. स्थानिक हिस्सा 55 टक्के. 2020 च्या दुरुस्तीनुसार 50 टक्के किंवा जास्त असेल तर पुरवठादार पहिल्या वर्गात, 20 ते 50 मध्ये असेल तर दुसऱ्या. हे सूत्र पैशांवर चालतं, भागांच्या संख्येवर नाही. दहातले नऊ भाग देशी असले आणि दहावी महागडी चिप बाहेरची असली, तर टक्का खाली येतो. शिवाय इथली मजुरी आणि नफाही स्थानिक हिश्शात मोजला जातो, हे ध्यानात ठेवूनच आकडा वाचावा.

"ऐच्छिक लेबल म्हणजे काहीही लिहा," हेही खरं नाही. छापण्याची सक्ती नसते, पण छापलं की खरंच असावं लागतं. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय प्राधिकरण 10 लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत.

वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या ज्या उद्योजकांचा हिस्सा मोठा आहे, त्यांनी कोणी सांगायची वाट न पाहता आकडा आणि तो काढायची रीत मालावर छापावी. फायदा त्यांचाच आहे. आणि तुम्ही शोरूममध्ये गेलात की मायलेज विचारताच. तसंच इंजिन नि गिअरबॉक्स कुठे बनतात, देशी हिस्सा किती, हेही विचारा आणि उत्तर लेखी मागा.