सेकंदाला एक पैसा, समभागाला अठ्ठावन्न रुपये

२००९ साली ‘टाटा डोकोमो’ने सेकंदाला एक पैसा हा दर आणला आणि ‘डोकोमो’ हे नाव आपल्याकडे घरोघरी पोचले. त्या नावामागच्या एनटीटी डोकोमो या जपानी कंपनीने टाटा टेलिसर्व्हिसेसचे सुमारे २६ टक्के समभाग जवळपास १३ हजार कोटी रुपयांना घेतले होते. या गुंतवणुकीने तिच्या हिशेबाचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे.

२६ टक्क्यांनी कंपनीचा ताबा मिळत नाही, पण कारभारात वजन येते. अशा वेळी भारतातली उलाढाल जपानी कंपनीच्या उलाढालीत धरत नाहीत; नफ्यातोट्यातला तिचा वाटा तेवढा तिच्या खात्यात येतो. टाटा टेलिसर्व्हिसेस तोट्यात होती. तिला शंभर रुपये तोटा झाला, की तोक्योतला नफा सुमारे २६ रुपयांनी घटे. या वजावटीसाठी रोख मोजावी लागत नाही. ताळेबंदातली गुंतवणुकीची किंमत तेवढी उतरते. पुढे ती किंमत वसूल होण्याची आशा मावळली, की उरलेल्यातलीही मोठी रक्कम बुडीत दाखवावी लागते. डोकोमोने तेही केले.

तिच्या हाती एक कलम मात्र होते. पाच वर्षांत ठरलेली उद्दिष्टे गाठली गेली नाहीत, तर टाटांनी खरेदीच्या किमान निम्म्या किमतीला गिऱ्हाईक शोधून द्यायचे. समभाग घेतला होता सुमारे ११७ रुपयांना; म्हणजे परतीचे किमान ५८ रुपये. २०१४ मध्ये डोकोमोने हा हक्क मागितला, तेव्हा समभागाचे मूल्यांकन २३ रुपये ३४ पैसे निघाले. त्याहून अधिक भाव परदेशी भागधारकाला देणे परकीय चलनाच्या नियमांत बसत नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेने परवानगी नाकारली.

प्रकरण लंडनच्या लवादाकडे गेले. जून २०१६ मध्ये डोकोमोला सुमारे ११७ कोटी डॉलर देण्याचा निवाडा झाला. ही रक्कम समभागांची किंमत नसून करारभंगाची भरपाई आहे, या भूमिकेवर एप्रिल २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निवाडा अंमलात आणण्यास मान्यता दिली आणि त्याच वर्षी पैसे जपानला पोचले.

गंमत पुढेच आहे. गुंतवणुकीची पुस्तकी किंमत आधीच्या वर्षांच्या तोट्यांनी खाऊन टाकलेली होती. त्यामुळे आलेली रक्कम डोकोमोच्या हिशेबात उत्पन्न म्हणून जमा झाली आणि त्या वर्षीचा नफा फुगला. एकूण व्यवहारात मात्र मोठी रक्कम गेलीच होती. कंपनीचा एका वर्षाचा नफा वाचताना म्हणूनच मागची पाने उलटावीत. आज दिसणारी कमाई कदाचित कालच्या तोट्याची अर्धीमुर्धी परतफेड असते.