ठासणीची पहिली बंदूक घेताय? आधी हे वाचा



मका कणसात आला की रोही आणि रानडुकरांचा त्रास सुरू होतो. कन्नड, वैजापूर भागातल्या सभासदांचा दरवर्षी एकच प्रश्न असतो: "साहेब, ठासणीची बंदूक घ्यायचीय, कोणती घेऊ?"

आधी कागद, मग बंदूक. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची सोय आहे. ग्रामीण भागात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, शहर आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे करायचा. शस्त्र सुरक्षेच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही लागतं. "गावठी आहे, स्वस्तात देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. बिनपरवाना बंदूक सापडली तर जेल आहे.

आता निवड. रायफल नको. तिच्या नळीत पीळदार खाचा असतात, गोळी फार लांब जाते. आपल्याकडे बांधाला बांध लागून शेत, मध्ये वस्त्या, आणि रात्रीची लाईट असली की शेजारी पाणी द्यायला गेलेला असतो. एका नळीची, आतून गुळगुळीत बंदूक घ्या. दोन नळ्यांची रुबाबदार दिसते, पण नवखा माणूस अंधारात एकाच नळीत दोनदा दारू भरतो आणि नळी फुटते.

बंदूक बहुतेक वेळा जुनीच मिळते, त्यामुळे तपासून घ्या. नळीच्या तोंडात डोळा घालून कधीच बघायचं नाही. गज तळापर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा, मग बाहेरून नळीला लावून बघा. टोपी बसते तिथपर्यंत गज पोचत नसेल तर आत काहीतरी अडकलंय किंवा बंदूक भरलेली आहे. माझ्या मामांच्या घरी पावसाळाभर कोपऱ्यात ठेवलेली बंदूक अशीच भरलेली निघाली होती. घरात लेकरं होती.

नळीवरून हात फिरवा, फुगवटा किंवा खोल गंज लागला तर सोडून द्या. घोडा अर्ध्यावर चढवून चाप दाबा, घोडा पडला तर ती बंदूक नको. नंबर कागदाशी जुळवा.

वापरताना फक्त काळी दारू. काडतूस फोडून काढलेली दारू अजिबात नाही, तिचा जोर या नळीला झेपत नाही. दारू आणि छर्‍यांमध्ये पोकळी राहू देऊ नका. बार उडाला नाही तर बंदूक मोकळ्या दिशेला धरून किमान एक मिनिट थांबा, उशिरा उडू शकतो. काळ्या दारूची राख ओल धरते, म्हणून त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुवा, कोरडी करा, तेल लावा. आणि बार झाला की बोळा धुमसत पडतो. वाळलेल्या पऱ्हाटीत किंवा कडब्याच्या गंजीजवळ बार करू नका, डुकरानं खाल्लं नाही तेवढं आग खाईल.

बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नाही. रोही, रानडुकराला वनविभागाची लेखी परवानगी लागते. काळवीट तर अनुसूची १ मध्ये आहे, आणि रात्री बॅटरीच्या उजेडात नुसते डोळे चमकतात. ओळख पटली नाही तर चापाला हात लावू नका.

नुकसान झालं की तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे तक्रार करून पंचनामा करून घ्या. भरपाईसाठी तो लागतोच, परवान्याच्या अर्जालाही आधार होतो. जुने पंचनामे आणि ७/१२ घेऊन कार्यालयात या, अर्ज सोबत बसून भरू.

आपला,
कृषी सल्लागार