विश्लेषण : फाइलमध्ये ‘लपवलेली’ माहिती खरेच लपते का?

एक्सेलमधली शीट दिसेनाशी केली किंवा पीडीएफमधल्या ओळींवर काळी पट्टी ओढली, की काम झाले, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात माहिती झाकणे वेगळे आणि काढून टाकणे वेगळे. हा फरक लक्षात न घेणे किती महागात पडते?

उत्तर आयर्लंडमध्ये काय घडले?

तेथील पोलीस दलाकडे माहिती अधिकारात एक अर्ज आला. कोणत्या हुद्द्यावर किती जण आहेत, एवढाच आकडा हवा होता. ८ ऑगस्ट २०२३ रोजी उत्तरादाखल दिलेली एक्सेल फाइल संकेतस्थळावर झळकली. समोर दिसणाऱ्या अनावश्यक शीट काढल्या होत्या. मूळ नोंदींची शीट मात्र नजरेआड राहून गेली. त्यात ९,४८३ अधिकारी-कर्मचाऱ्यांची आडनावे, आद्याक्षरे, हुद्दे आणि नेमणुकीची ठिकाणे होती. सुमारे अडीच तासांत फाइल हटवली गेली, पण तोवर उशीर झाला होता. ही यादी सशस्त्र बंडखोर गटांच्या हाती पडल्याचे पोलिसांनीच पुढे सांगितले. तेथे पोलिसांवर हल्ले होत असल्याने अनेक जण आपली नोकरी शेजाऱ्यांपासूनही लपवतात. २०२४ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने दलाला साडेसात लाख पौंडांचा दंड केला.

काळी पट्टी का फसते?

पीडीएफमध्ये मजकूर आणि त्यावरचा चौकोन हे वेगवेगळे थर असतात. चौकोन वर बसतो, अक्षरे खाली तशीच राहतात. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दिलेल्या कागदपत्रांत हेच झाले. पत्रकारांनी काळा भाग कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केला आणि मजकूर उघड झाला.

आणखी काय दडलेले असते?

वर्ड फाइलमध्ये लेखकाचे नाव, शेरे आणि ‘ट्रॅक चेंजेस’मधले खोडलेले शब्द राहू शकतात. क्रॉप केलेल्या चित्राचा कापलेला भागही अनेकदा फाइलमध्येच असतो. मोबाइलवर काढलेल्या फोटोत ठिकाणाची नोंद असू शकते.

पाठवण्यापूर्वी काय करावे?

* मूळ फाइल जपून ठेवा, काम प्रतीवर करा.
* वर्ड, एक्सेलमध्ये ‘फाइल’, मग ‘इन्फो’मध्ये जाऊन ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ चालवा.
* एक्सेलमध्ये शीटच्या नावावर राइट क्लिक करा. ‘अनहाइड’ पर्याय सुरू दिसला, तर आत लपलेली शीट आहे.
* फक्त आकडे द्यायचे असतील, तर ते नव्या कोऱ्या फाइलमध्ये ‘व्हॅल्यूज’ म्हणून पेस्ट करा.
* पीडीएफसाठी मजकूर खरोखर पुसणारे ‘रिडॅक्ट’ साधन वापरा. मग तो भाग कॉपी होतो का, शोधल्यावर सापडतो का, हे तपासा.

सोसायटीची थकबाकी यादी असो वा शाळेचा निकाल, फाइल एकदा पुढे गेली की परत बोलावता येत नाही. म्हणून तपासणी ‘सेंड’ दाबण्यापूर्वीच हवी.