मोमिनाबादचा रिसाला

चौसाळ्याहून मांजरसुंब्याला यायचं आणि नेकनूर, केज मागं टाकत अंबाजोगाई गाठायची. आपली ही वाट योगेश्वरीच्या दर्शनाची. निजामाच्या अमलात या गावाचं नाव मोमिनाबाद होतं आणि इथं घोडदळाची छावणी होती.

छावणीतली फौज निजामाच्या नावाची, हुकूम मात्र इंग्रजांचा. हैदराबादचा इंग्रज रेसिडेंट हेन्री रसेल याच्या पलटणींतून ती वाढली. 1853 च्या तहानं तिला ‘हैदराबाद कॉन्टिन्जंट’ म्हटलं आणि आकार ठरवून दिला: किमान पाच हजार पायदळ, दोन हजार स्वार, चार तोफखाने. खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब कंपनीच्या ताब्यात गेले. धाराशिव 1860 मध्ये परत आलं, वऱ्हाड काही आलं नाही. स्वतःच्याच नावाच्या फौजेपायी मुलूख गमावणारा धनी विरळाच! रिसाला शिलेदारी पद्धतीचा होता. घोडा स्वाराचा, तनखा सरकारी.

1857 मध्ये पहिला रिसाला मोमिनाबादहून औरंगाबादला हलवला गेला. जूनमध्ये छावणीत कुजबुज सुरू झाली, की आपल्याला दिल्लीच्या बादशहावर धाडणार. निजामाच्या हद्दीबाहेर पाऊल टाकणार नाही, असं स्वारांनी बजावलं. त्यांना वठणीवर आणायला पुण्याकडून इंग्रज जनरल वुडबर्न फौज घेऊन आला. रिसाल्यातल्या मीर फिदा अलींनी इंग्रज अधिकारी कॅप्टन ॲबटवर पिस्तूल झाडलं, पण नेम चुकला. त्यांना फाशी झाली. इतर काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिलं. या शिक्षांची आठवण सांगणारा औरंगाबादचा काळा चबुतरा पुढं क्रांती चौक झाला. ते स्वार बीड जिल्ह्यातल्या छावणीतून गेले होते, ही गोष्ट आपल्याकडं फारशी कुणी काढत नाही. त्याच कॉन्टिन्जंटच्या दुसऱ्या तुकड्या ह्यू रोझबरोबर झाशीवर चालून गेल्या, हेही तितकंच खरं.

1902 च्या करारानंतर कॉन्टिन्जंट वेगळी राहिली नाही, ब्रिटिश हिंदी लष्करात मिसळली. पायदळाचा वारसा आजच्या कुमाऊँ रेजिमेंटकडं आहे. पहिला रिसाला ‘20 वा दख्खन हॉर्स’ झाला. 14 जुलै 1916 ला फ्रान्समध्ये, सोमच्या लढाईत, त्याचे स्वार भाले रोखून हाय वुडच्या बाजूनं दौडले. समोर मशीनगन होत्या. 1965 मध्ये खेमकरणजवळ असल उत्तरला हीच दख्खन हॉर्स शर्मन रणगाड्यांनिशी पाकिस्तानच्या पॅटनना भिडली.