सेटल–कार्लाइल लोहमार्ग
उत्तर इंग्लंडच्या पेनाइन डोंगराळ प्रदेशातून जाणारा लोहमार्ग. लांबी सु. ११७ किमी. मिडलंड रेल्वे कंपनीने बांधलेल्या या मार्गावर १ मे १८७६ रोजी प्रवासी वाहतूक सुरू झाली. जलद गाड्यांसाठी चढ सौम्य राखावयाचा असल्याने मार्ग डोंगरउतारांवरून नेण्यात आला. परिणामी काही स्थानके गावांपासून दूर पडली. डेंट स्थानक (उंची सु. ३५० मी.) गावापासून सु. ६ किमी. दूर आहे. मे १९७० मध्ये सेटल व ॲपलबी वगळता मधली स्थानके बंद झाली. त्यांपैकी आठ १९८६ मध्ये नियमित सेवेसाठी पुन्हा उघडली. रिबलहेड येथील २४ कमानींच्या पुलाचा दुरुस्तीखर्च हे कारण पुढे करून संपूर्ण मार्ग बंद करण्याचा प्रस्ताव मांडण्यात आला होता. व्यापक लोकविरोधानंतर एप्रिल १९८९ मध्ये शासनाने तो फेटाळला.