डोंगरातल्या पोरांचा अंक

आठवीत असताना शाळेच्या हस्तलिखितात माझी एक कविता आली होती. वर्गातल्या सगळ्यांत सुवाच्य अक्षराच्या मुलीने ती उतरवली, चित्रकलेच्या सरांनी मुखपृष्ठावर मोरावर बसलेली सरस्वती काढली, स्नेहसंमेलनात पाहुण्यांनी फीत सोडली, टाळ्या झाल्या आणि अंक मुख्याध्यापकांच्या काचेच्या कपाटात गेला. प्रत एकच. ती कविता माझ्या आईनेसुद्धा वाचली नाही. कपाटाला कुलूप होतं.

पुढे 'फॉक्सफायर'बद्दल वाचलं, तेव्हा पहिल्यांदा ते कपाटच आठवलं.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, ॲपलेशियन डोंगररांगेत, रेबन काउंटी आहे. १९६६ साली तिथल्या रेबन गॅप-नकूची शाळेत एलियट विगिंटन नावाचा तरुण नववी-दहावीला इंग्रजी शिकवायला रुजू झाला. कॉर्नेल विद्यापीठातून नुकताच बाहेर पडलेला, डोक्यात साहित्य भरलेलं. पोरांनी त्याला थोड्याच आठवड्यांत जेरीस आणलं. एकाने तर लायटर काढून त्याचं भाषणाचं टेबलच पेटवायला घेतलं. एरवी अशा वेळी मास्तर छडी तरी उगारतो, नाहीतर बदलीचा अर्ज तरी लिहितो. याने वर्गाला विचारलं, की पुस्तक बाजूला ठेवून आपणच एक अंक काढायचा का?

शाळेकडे त्यासाठी पैसे नव्हते. माझ्या मते हेच त्या अंकाचं नशीब. पोरांना गावात हिंडून वर्गणी मागावी लागली. देणाऱ्याला पहिल्या अंकाची सही केलेली प्रत मिळेल, असा वायदा होता. साधारण ४४० डॉलर जमले, त्यात ६०० प्रती बसल्या. मार्च १९६७ मध्ये अंक निघाला, आठवड्याभरात संपला आणि पुन्हा छापावा लागला. ज्याच्याकडून पैसे घेतले, तो दुकानदार उद्या अंक उघडून बघणार आहे, ही धास्ती लाल शाईपेक्षा फार निराळी असते. तोवर शुद्धलेखन मार्कांसाठी होतं, आता ते अब्रूसाठी झालं.

नाव पोरांनी मतं घेऊन ठरवलं. फॉक्सफायर म्हणजे तिथल्या दमट रानात कुजक्या लाकडावर रात्री मंद उजळणारी बुरशी. पावसाळ्यात भीमाशंकरच्या जंगलात असाच उजेड ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे नाव फार समजावून सांगायला नको.

पहिल्या अंकात कविता, कथा असा नेहमीचा ऐवज होताच. पण त्याच्या जोडीला पोरांनी गावातल्या म्हाताऱ्यांकडून घरगुती औषधं आणि जुन्या समजुती गोळा केल्या होत्या, क्लेटनच्या बँकेवर पडलेल्या दरोड्याची हकीकत निवृत्त शेरीफच्या तोंडून टेपवर घेतली होती. लोकांनी उचलून धरलं ते हेच. मग अंकाने तीच वाट धरली. ओंडक्यांचं घर कसं बांधतात, डुक्कर कसं सोलतात, चंद्र आणि राशी बघून पेरणी कशी करतात, चोरून दारू कशी गाळतात. हो, दारूसुद्धा! आपल्याकडच्या शाळा समितीच्या बैठकीत हा विषय निघाल्याची नुसती कल्पना करून बघा.

मुलाखत घेणं सोपं वाटतं, पण खरं काम टेप उतरवायला बसल्यावर सुरू होतं. म्हातारा हाताने दाखवत सांगतो, "हे इथं असं अडकवायचं." टेपवर येतं फक्त 'इथं' आणि 'असं'. खाच किती खोल, कुठल्या बाजूने, याचा पत्ता नाही. म्हणजे पुन्हा जा, माप घ्या, फोटो काढा, आकृती काढा. बोलणं उतरवायचं ते त्या माणसाच्या बोलीत. त्याचं व्याकरण सुधारायचं नाही. वर्गात ज्या बोलीबद्दल पोरांना टोकलं जायचं, तीच इथे छापून येत होती.

त्यांच्या लेखनातली सगळ्यांत गाजलेली व्यक्ती म्हणजे एरी कार्पेंटर, सगळ्यांची 'आंट एरी'. सीमेपलीकडे नॉर्थ कॅरोलायनात लाकडी घरात एकटी राहणारी, ऐंशी ओलांडलेली बाई. पोरं पहिल्यांदा गेली तेव्हा ती डुकराच्या मुंडक्यातले डोळे काढायच्या खटपटीत होती. पाहुण्यांनी हात लावला आणि गप्पा सुरू झाल्या. असा प्रसंग कुठल्याही प्रश्नावलीत बसत नाही.

१९७२ मध्ये निवडक लेखांचं 'द फॉक्सफायर बुक' निघालं. पुढे खंडांवर खंड आले, लाखो प्रती खपल्या. मानधनाच्या पैशांतून १९७४ मध्ये माउंटन सिटीजवळ डोंगरावर जमीन घेतली गेली. जुनी लाकडी घरं तिथे आणून पुन्हा उभी केली, त्यात पोरांचेही हात होते. मेनमध्ये 'सॉल्ट', मिसुरीत 'बिटरस्वीट' असे त्याच धर्तीचे अंक शाळांमधून निघाले.

या गोष्टीत एक काळा भाग आहे, तो वगळून फॉक्सफायरबद्दल लिहिणं लबाडी ठरेल. १९९२ मध्ये विगिंटनने एका लहान मुलाच्या लैंगिक शोषणाचा गुन्हा कबूल केला. तो तुरुंगात गेला, संस्थेशी त्याचा संबंध संपला. मुलांच्या इतक्या जवळ वावरणाऱ्या माणसावर डोळे मिटून विश्वास टाकण्याची किंमत कुणातरी मुलाने मोजली. त्याच्या शिकवण्याचं कौतुक वाचताना मला आता अडखळायला होतं. अंक मात्र बंद पडला नाही. मुलाखती घेणं, उतरवणं, मांडणी करणं ही कामं आधीपासून पोरांच्या हातात होती. रेबन काउंटीतली मुलं पुढेही तो काढत राहिली.

आपल्याकडे हस्तलिखितं अजून निघतात, अक्षर अजून सुरेख असतं. तुमच्या शाळेत यंदा निघणार असेल, तर त्याच्या पन्नास तरी झेरॉक्स प्रती काढा आणि दहा-दहा रुपयांना विकायला मुलांनाच आठवडी बाजारात बसवा. कपाटाची किल्लीही त्यांच्याकडेच द्या.